खेचरांच्या जोरावर बी.ए.

आमच्या कंपनीच्या गेटवर आम्ही पाच माजी सैनिक होतो आणि पाचांत मिळून एक पदवी नव्हती. तोवर ती कुणाला लागलीही नव्हती. सणसवाडीच्या पट्ट्यातली साधी कंपनी, लोखंडी सुटे भाग बनवणारी. आम्ही गेट राखायचो, रजिस्टर भरायचो आणि साहेबाची गाडी दिसली की टाच आपटायचो. यात बी.ए. कुठं बसते?

पण बसली. आमचे सिक्युरिटी ऑफिसर मेअखेर निवृत्त होणार होते. त्यांच्या जागी त्यांनीच माझं नाव सुचवलं, कारण मी हवालदार म्हणून सुटलेला आणि पाचांत माझा आवाज मोठा. मॅनेजर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. पलटणीतून सुटताना मिळालेला एक दाखला मी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला होता. इतकी वर्षं नोकरी केलेला जवान कारकुनी जागांसाठी पदवीधराच्या तोडीचा समजावा, असं त्यावर लिहिलेलं. तो मी ऐटीत टेबलावर ठेवला.

साहेबांनी वाचला. मागं आणखी काही आहे का म्हणून उलटून पाहिला.

"तोडीचे आहात हो," ते म्हणाले, "पण हे सरकारी जागांसाठी. आपल्या हेड ऑफिसला डिग्री पाहिजे. ऑफिसर म्हणजे ग्रॅज्युएट. तुम्ही बाहेरून बी.ए. करताय ना?"

"शेवटचं वर्ष, साहेब."

"मग मेअखेरपर्यंत निकाल आणा. नाहीतर गेट एजन्सीला जाईल. आणि एजन्सी आली की आपली माणसं आणते. सगळी."

'सगळी' म्हणताना त्यांनी खिडकीतून गेटाकडं पाहिलं. तिथं आमच्या पाचांतला नाईक एका ट्रक ड्रायव्हरशी हिंदीतून भांडत उभा होता. आपली भाकरी माझ्या परीक्षेला बांधली गेलीय, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं. संध्याकाळपर्यंत पाचांनाही ठाऊक झालं.

बाहेरून बी.ए.ला माझं नाव बायकोनं घातलं होतं. ती गावात बालवाडी चालवायची आणि घरात मलाही त्याच हिशेबात धरायची. आमचं गाव दौंड तालुक्यात, खुटबावच्या शिवारात. मी आठवडाभर सणसवाडीला भाड्याच्या खोलीत राहायचो आणि सुट्टीला घरी यायचो. वडिलांची, आबांची, सगळी हयात मेंढरांमागं गेली. धाकट्या चुलत्यानं विहीर पाडली तेव्हा कुठं आम्ही एका जागी टिकलो. मी पलटणीत खेचरांच्या कंपनीत लागलो, हे कळल्यावर आबा एवढंच म्हणाले होते, "मेंढरं राखायची लाज वाटली व्हय? म्हून खेचरं राखाया गेला." चाळिशीला टेकल्यावर मी कॉलेजची पुस्तकं आणली. आबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडं नीट पाहून घेतलं.

माझी अभ्यासाची रीत पलटणीतली. तिथं रायफलीचे भाग मोठ्यानं म्हणून पाठ करायचे. मी समाजशास्त्र तसंच पाठ करायचो. "कुटुंबाचे प्रकार! एक! विभक्त!" खोलीशेजारी राहणारे बिहारी कामगार दचकून उठायचे. अशा रीतीनं मी दोन वर्षं काठाकाठानं पार केली. इंग्रजीशी मात्र गाठ पडली की माझी फौज जागच्या जागी शरण जायची.

तिथंच एक सोय होती आणि माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. नोकरी केलेल्या माणसाला शेवटच्या वर्षी एका पेपरऐवजी आपल्या कामाचा अहवाल देता येत होता. अहवाल लिहायचा, मग दोन परीक्षकांपुढं तोंडी द्यायची. मी इंग्रजी सोडून अहवाल घेतला. सतरा वर्षांची फौज होती पाठीशी. मला वाटलं, इतर पेपरांत पडेन कदाचित, पण इथं कोण पाडणार मला?

अहवाल मी तीन रविवारांत सांगितला आणि बायकोनं तो सुंदर अक्षरात उतरवला. 'बर्फाळ प्रदेशातील पशुवाहतूक व रसद पुरवठा' असं भारदस्त नाव दिलं. रसद वेळेवर पोचली. जनावरं तंदुरुस्त राहिली. जवानांचं मनोधैर्य उंच होतं. लिहितालिहिता बायकोनं एकदा पेन थांबवून विचारलं, "एवढं समदं बेस हुतं, तर सुट्टीवर आल्यावर वाळून खारीक झालेलं कसं असायचात वो?"

"तू लिही," मी म्हटलं.

तोंडी परीक्षा मार्चमध्ये शिरूरला होती. आदल्या दिवशीच शिरूरला मुक्कामाला जावं असं बायकोचं मत होतं. मी फौजी. मी पूर्ण वेळापत्रक आखलं होतं. सकाळची एस.टी., चौफुल्याला गाडी बदलायची, न्हावऱ्यावरून शिरूर, आणि वर एक तास राखीव. त्या सकाळी एस.टी. आलीच नाही. बायको डबा घेऊन बरोबर निघाली होती. नाईक दौंडहून पहिल्या गाडीनं येऊन आमच्या फाट्यावर उभा होता, त्यानं मुद्दाम रजा टाकलेली. नाईक दौंडच्या बौद्धवस्तीतला. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीला रांगेत चालवायचं काम दरवर्षी त्याच्याकडं असायचं, त्यामुळं सगळं जग रांगेत चालावं असं त्याला वाटायचं.

"हवालदारसाब, तुमचा राखीव तास संपला," तो घड्याळ बघत म्हणाला.

शेवटी भाजीचा टेम्पो हात करून थांबवला. बायको पुढं ड्रायव्हरशेजारी, आम्ही दोघं मागं कोबीवर. चौफुल्याला शिरूरची गाडी मिळाली, पण उभ्यानं. आणि पारगावच्या पुलाआधी सगळी रांग ठप्प. उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर चढावर अडकलेला. एक ट्रॉली सुटून आडवी झालेली आणि ऊस रस्त्यावर पसरलेला. लोक निवांतपणे उतरून एकेक कांडं मोडून खायला लागले. नाईकानं खाली उडी मारली. त्यानं दहा-बारा प्रवाशांना ओळीत उभं करून ऊस बाजूला काढायला लावला आणि वर 'जल्दी, जल्दी' म्हणून ओरडत राहिला. मीही हात लावला. इस्त्रीच्या शर्टाला उसाचा चिकटा लागला. घड्याळाकडं बघायचं नाही असं मी ठरवलं आणि बघत राहिलो.

शिरूरच्या कॉलेजात पोचलो तेव्हा माझं नाव एकदा पुकारून झालं होतं. केंद्रावरचे सर दारातच होते. "तुम्हाला गैरहजर लावत होते," ते म्हणाले. "जा, जा. आधी घाम पुसा."

आत दोन परीक्षक होते. एक बाहेरगावच्या प्राध्यापक मॅडम, एक पिकल्या केसांचे सर. टेबलावर माझा अहवाल. मी दारात टाच आपटली. सरांच्या हातचं पेन कागदावर घसरलं.

"बसा."

मी बसलो, पण सावधान स्थितीतच बसलो.

"सैन्यात काय काम होतं?" सरांनी विचारलं.

"खेचर, सर!"

बायको नंतर म्हणाली की हे उत्तर सायकल स्टँडपर्यंत ऐकू आलं.

"कुठं होता?"

"उत्तरेला, सर."

"उत्तरेला कुठं?"

"वरच्या अंगाला, सर."

ठिकाण सांगायचं नाही, हे अंगात मुरलेलं. सर मॅडमकडं पाहायला लागले. मॅडमनी अहवाल उघडला. एक पान उलटलं, दुसरं उलटलं, मग मधलं एक उघडून पुन्हा पहिल्यावर आल्या. वार्षिक तपासणीला साहेब असेच एकेक खोगीर उचलून खाली बघायचे.

"अक्षर छान आहे," मॅडम म्हणाल्या. "पण मला एक सांगा. रसद वेळेवर, जनावरं तंदुरुस्त, जवान आनंदी. प्रत्येक पानावर हेच. इतक्या वर्षांत काही बिघडलं, अडलं, असं झालंच नाही?"

"नाही, मॅडम."

"एकदाही?"

"सब ठीक था, मॅडम."

ते हिंदीतच निघालं. सतरा वर्षं त्या प्रश्नाला तेच उत्तर दिलेलं. जीभ माझ्या परवानगीची वाट बघत नव्हती.

मॅडमनी अहवाल मिटला. "हे बघा, तुम्ही नोकरी केलीत हे तुमच्या दाखल्यावरून कळतंच. त्याचे गुण नाहीत. काम करताना तुम्ही काय शिकलात, त्याचे गुण आहेत. आणि त्याचं एक वाक्य यात नाही."

"पुढच्या वर्षी या," सर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली. "नीट लिहून आणा."

मी उठलो नाही. उठायला पाहिजे होतं. "सर, पुढच्या वर्षी गेट नसेल."

"कसलं गेट?"

मग मी जमेल तसं सांगितलं. मे महिना, एजन्सी, आम्ही पाच जण. सांगताना ते मला स्वतःलाच हात पसरल्यासारखं वाटलं आणि मी मध्येच गप्प झालो. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"गेटाकडं बघून मला गुण देता येत नाहीत," ते म्हणाले.

मॅडमनी बाकीच्या उमेदवारांची यादी पाहिली. मग म्हणाल्या, "जेवणानंतर सगळ्यांच्या शेवटी बोलावते. एक प्रसंग आठवून या. बिघडलेला. भाषण नको."

बाहेर आलो. बायको आणि नाईक सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसले होते. माझा चेहरा बघून नाईक उभा राहिला.

मी काय झालं ते सांगितलं. माझी खरी अडचण काय होती, हे फौजेत नसलेल्याला समजावणं अवघड आहे. मोठे साहेब तपासणीला यायचे, त्याच्या आठवडाभर आधीपासून आम्ही रस्त्याकडेच्या दगडांना चुना द्यायचो आणि झाडांच्या बुंध्यांना गेरू. फुटकी बादली तंबूमागं लपवायची. लंगडं खेचर दूर चरायला पाठवायचं. यात कुणाला फसवतोय असं वाटायचंच नाही. त्यालाच तयारी म्हणतात. अहवाल लिहा म्हटल्यावर मी तेच केलं होतं. चुना ताजा होता, एवढंच.

"मंग आता काय सांगनार?" बायकोनं डबा सोडत विचारलं.

"त्येच इचारतोय मी," नाईक म्हणाला. "हवालदारसाब, कायबी सांगा, पर पलटनीचं लुगडं भर कॉलेजात फेडू नगा. बाहेरच्या मानसाला काय कळतंय? उद्या म्हनतील, फौज आशी असती व्हय."

"मग नापास होऊ?"

"तसं न्हाई म्हनलो मी."

"मग काय म्हनला?" बायको म्हणाली.

 नाईक भिंतीकडं बघत बसला. मीही. माझ्या डोक्यात खरंच काही येत नव्हतं. आठवणी ढिगानं होत्या, पण प्रत्येकीपुढं संत्री उभा होता आणि तो वाट सोडत नव्हता. समोर कॉलेजची पोरं वडापाव खात हसत होती. आतून एकेक उमेदवार बाहेर पडत होता आणि माझी वेळ जवळ येत होती.

बायकोनं माझ्या हातावर भाकरी ठेवली. मी ती नाकाशी नेली, मग तुकडा मोडला.

"ह्ये," ती म्हणाली. "ह्येच. हुंगल्याबिगर भाकर खात न्हाई ह्यो मानूस. सुट्टीवर आलं की पैल्या दिसापासनं. आत्याबाईंना वाटायचं म्या पीठ शिळं वापरती. किती बोलनी खाल्ली म्या त्येच्यापायी! कवातरी सांगितलंत का, का हुंगता त्ये?"

मी तुकडा हातात धरून बसलो. नाईक माझ्याकडं वळला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं.

"रॉकेल," तो म्हणाला.

मी मान डोलावली.

"आरं तिच्या! म्हंजी ती रसद तुमी आनायचा? आमच्या पोस्टवर समदा हिवाळा रॉकेलची रोटी खाल्ली आमी! ढेकर दिला की काडी लावायची भीती वाटायची."

"तुमच्या पोस्टवर आमची कंपनी नव्हती. दुसरी असेल."

"कंची का आसंना. खेचरवाली समदी एकच जात," नाईक म्हणाला. आता त्याला पलटणीच्या लुगड्याचा विसर पडला होता. "सांगाच तुमी! जाऊन सांगा! लई दिस पोटात ठिवलंय म्या त्ये!"

"बाई ग," बायको म्हणाली. "आन् पत्रात काय, तर खानंपिनं उत्तम."

तेवढ्यात दारातून माझं नाव पुकारलं.

दुसऱ्यांदा आत गेलो तेव्हा टाच आपटली नाही. दोघंही दमलेले दिसत होते. मॅडमपुढं अर्धा चहा गार झालेला. मी दार ओढून घेतलं, पण ते पुरतं लागलं नाही. बाहेर फटीशी बायकोची साडी दिसत होती. मी सांगायला सुरुवात केली.

खेचराच्या दोन्ही अंगांना वजन सारखं लागतं, नाहीतर चढावर ते कलंडतं. आम्हाला हुकूम होता की प्रत्येक खेचरावर थोडं थोडं सगळं घालायचं. म्हणून एका अंगाला रॉकेलचा कॅन आणि दुसऱ्या अंगाला आट्याचं पोतं. दोन्हीला आवळणारी दोरी एकच. कॅनचं झाकण कितीही घट्ट लावा, चढावर थोडं झिरपतंच. ते दोरी पिते आणि सावकाश पलीकडच्या पोत्यात नेऊन सोडते. वर पोस्टवर रोटी भाजली की आधी वास यायचा. हिवाळाभर वास यायचा. आम्हीही मुक्कामाला तीच खायचो.

"तक्रार केली नाही कुणी?" सरांनी विचारलं.

"नाही, सर. साहेब वर यायचे, विचारायचे, खाना कैसा है? सगळे म्हणायचे, ठीक है साब."

"का?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारलाच नव्हता.  सर वाट बघत राहिले.

"सर, साहेब चढून दमून आलेले असायचे. त्यांनाही तीच रोटी वाढायची. ते ती खायचे आणि काही बोलायचे नाहीत. मग आपण कसं बोलायचं? आणि एक जण बोलला की आधी 'ठीक है' म्हणालेले सगळे खोटे ठरतात."

मॅडमनी काहीतरी लिहिलं. "मग?"

"मग मी खालच्या खाली बदललं. कुणाला न विचारता. रॉकेल वेगळ्या खेचरांवर, दोन्ही अंगांना रॉकेलच. ती खेचरं रांगेत शेवटी. आटा पुढं."

"वास गेला?"

"गेला, मॅडम."

मला वाटलं झालं. पाठीवरचा घाम जरा गार लागला. सरांनी मात्र पेन खाली ठेवलं आणि पुढं वाकले.

"म्हणजे सगळं रॉकेल दोन-तीन जनावरांवर. त्यातलं एखादं दरीत गेलं असतं तर?"

 हेच मी सांगणार नव्हतो. गोष्ट 'वास गेला' इथं संपवून उठायचं, असं आत येतानाच मी ठरवलं होतं. जीभ पुन्हा त्याच जुन्या वाटेला निघाली होती, मला ते कळत होतं. फटीतली साडी हलली नाही.

"गेलं, सर," मी म्हणालो. "एकदा गेलं. त्याच्यामागं दुसरं बिचकून वळलं, ते खाली उतरवावं लागलं. वर रॉकेल पोचलंच नाही. बर्फ वितळवायलाही काही नाही. पोरांनी खोक्यांच्या फळ्या जाळल्या. कुणी दगावलं नाही, पण ते दिवस वाईट गेले."

सरांनी पेन पुन्हा उचललं.

"मग काय केलंत?"

"पुन्हा हुकमाप्रमाणं वाटून घातलं. प्रत्येकावर थोडं थोडं. हुकूम लिहिणाऱ्यानं तो उगीच लिहिला नव्हता. फक्त दोऱ्या दोन केल्या, आट्याची वेगळी, रॉकेलची वेगळी. वास कमी झाला, सर. पूर्ण गेला नाही."

"आणि वर कळवलंत?"

"दोरीचं कळवलं. जादा दोरी मागावी लागली म्हणून."

मॅडमच्या ओठांची कड हलली, पण लगेच जागेवर आली. सरांनी माझा अहवाल उचलला, शेवटचं पान काढलं.

"यात दोऱ्या दोन होत्या, एवढंच लिहिलंय. 'दुहेरी दोरबंद पद्धती'. का, ते नाही."

"अहवालात असं लिहीत नाहीत, सर."

"कोण म्हणतं?"

 दोघंही खाली मान घालून लिहायला लागले. चेहऱ्यावरून काही कळेना. "या आता," मॅडम म्हणाल्या. हात आपोआप सलामाला गेला, अर्ध्यात मी तो केसांवरून फिरवला.

बाहेर बायकोनं डबा पिशवीत भरला. परतीच्या गाडीत, न्हावऱ्याच्या पुढं, तिनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "त्या खेचराबरूबर कोन हुतं?"

"कुणी नव्हतं. दोरी सुटली हातातून. ती धरलेला मी होतो."

ती माझ्या हाताकडं बघत राहिली. पुढं पारगावचा पूल मोकळा होता.

लेखी पेपर एप्रिलमध्ये झाले. पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. गेटवरच्या कुणालाही विचारा. चौघांनी माझ्याशी असं वागायला सुरुवात केली जसं घरात कुणी दवाखान्यातून येणार असतं. मला उन्हातली ड्युटी देईनात. डब्यातलं चांगलं ते माझ्या पुढ्यात. मी हात जोडून म्हणालो, अरे बाबांनो, पडलो तर मला हे सगळं पचणार नाही. नाईक म्हणाला, "पडलात तर वसूल करू."

मे संपत आला. शिरूरच्या केंद्रावर निकाल आला नव्हता. पुन्हा गेलो, तेव्हाही आला नव्हता. ऑफिसरांच्या निरोपाचे हार-नारळ झाले. ते जाताना मला म्हणाले, "काळजी करू नका," आणि हे म्हणताना तेच इतके काळजीत होते की मी त्यांना पाणी दिलं.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी मी पुन्हा शिरूरला गेलो. केंद्रावरच्या सरांपुढं नुकताच आलेला गठ्ठा होता, अजून सुतळीसकट. त्यांनी सुतळी दातानं तोडली. बोटाला थुंकी लावत एकेक गुणपत्रक उलटायला लागले. माझं आडनाव आमच्या भागात गल्लोगल्ली आहे, त्यामुळं दोनदा चुकीच्या माणसाचं भविष्य माझ्या हातात आलं. एक जण नापास होता. तेवढ्या क्षणात मी नाईकाच्या दोन पोरांची तोंडं बघून घेतली. मग माझं आलं.

मी ते उभ्यानं वाचलं. मग बाकावर बसून वाचलं. मग मिळेल त्या गाडीनं सणसवाडी गाठली.

गेटवर एजन्सीची जीप उभी होती. टाय लावलेला एक माणूस मॅनेजर साहेबांना बोटानं दाखवत होता, इथं एक माणूस, तिथं एक माणूस, केबिन इकडं सरकवू. आमचे चौघं ड्युटीवर असल्यासारखे चार कोपऱ्यांत उभे होते आणि चौघांचे कान एका ठिकाणी होते. मी साहेबांच्या पुढं जाऊन गुणपत्रक दिलं. धावत आल्यानं तोंडातून शब्द निघेना, ते एका अर्थी बरंच झालं.

साहेबांनी वरून खाली वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं. "कार्यानुभव अहवाल," ते म्हणाले. "काठावर."

"होय साहेब."

"बाकी सगळंच काठावर."

"होय साहेब."

"पास क्लास?"

"पास, साहेब."

टायवाला हसला. "साहेब, पास क्लासला काय अर्थ आहे? आमचा ऑफिसर फर्स्ट क्लास आहे, आणि वर कॉम्प्युटरचा कोर्स."

साहेबांनी गुणपत्रकाची घडी घातली. मला वाटलं आता ते परत देणार. त्यांनी ते आपल्या खिशात ठेवलं.

"हेड ऑफिसनं डिग्री मागितलीय," ते म्हणाले. "क्लासबद्दल मला काही लिहून आलेलं नाही. झेरॉक्स काढून आजच फॅक्स करतो." आणि टायवाल्याला नमस्कार करून आत निघून गेले.

कुणी ओरडलं नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत. ड्युटी चालू होती. टायवाला जीपमध्ये बसला आणि हॉर्न दिला. नाईक दांड्यापाशी गेला. दांडा वर करण्याऐवजी त्यानं हात आडवा केला.

"बाहेर जानारी गाडी हाय, साहेब. चेक कराया लागंल."

"अहो, रिकामी आहे!"

"रूल हाय."

त्यानं मागचा पडदा उचलला. सीट उचलली. टूलबॉक्स उघडायला लावला आणि पाना हातात घेऊन उन्हात फिरवून पाहिला. बॉनेटही उघडायला लावलं. टायवाल्याचा टाय सैल झाला होता. नाईक खाली वाकून जीपच्या पोटाशी काहीतरी बघत होता, आणि चांगला बराच वेळ बघत होता. शेवटी तो उठला, गुडघे झटकले आणि तिथूनच माझ्याकडं वळून म्हणाला, "ऑफिसरसाहेब, सोडू का गाडी?"